रेज्ड बाय वुल्व्ज: हिशेब चोख आहे तोवर अप्रतिम

शेवट नसलेली मालिका पाहावी का, हा प्रश्न आधी निकालात काढू. ‘रेज्ड बाय वुल्व्ज’चे दोन सीझन आहेत, पहिल्याचे १० भाग आणि दुसऱ्याचे ८. दुसऱ्याचा शेवटचा भाग १७ मार्च २०२२ ला आला, जूनमध्ये मालिका बंद झाल्याचं कळलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती एचबीओ मॅक्सवरून उतरवलीही गेली. गोष्ट मधेच तुटलेली आहे आणि पाहणाऱ्याने हे ठाऊक असूनच बसावं. तरी पहिला सीझन पाहावा असं आमचं मत आहे, त्यातही पहिले पाच भाग. यंत्राने माणसाचं पोर वाढवायचं म्हटलं तर रोज काय काय लागेल, याचा इतका बारीक हिशेब विज्ञानमालिकांत सहसा मांडला जात नाही. हा हिशेब चालू आहे तोवर मालिका पकड सोडत नाही. तो कुठे सुटतो तेही बोट ठेवून दाखवता येतं.

गोष्ट बाविसाव्या शतकातली. मिथ्राइक नावाचे सूर्योपासक आणि नास्तिक यांच्या युद्धात पृथ्वी राहण्याजोगी उरलेली नाही. कॅम्पियन स्टर्जेस नावाचा नास्तिकांकडचा शास्त्रज्ञ दोन अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखे दिसणारे यंत्रमानव, आणि गोठवलेले मानवी भ्रूण एका छोट्या यानातून केप्लर-२२बी या ग्रहावर पाठवतो. अँड्रॉइडांची नावं मदर आणि फादर, बस. काम एकच: मुलं जन्माला घाला, जगवा, आणि देवाधर्माशिवाय वाढवा. शीर्षकातली लांडगीण रोमची आहे, रोम्युलस आणि रेमस या जुळ्यांना दूध पाजणारी. नागपूरकराला मात्र आधी मोगलीच आठवणार, त्याचं सिवनीचं जंगल जबलपूर रोडवर आपल्या दाराशीच आहे.

लेखक आरन गुझिकोवस्की. पहिले दोन भाग रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केले, पुढे काही भाग त्यांचा मुलगा ल्यूक स्कॉट याने. अँड्रॉइडांच्या अंगातून वाहणारं दुधासारखं पांढरं रक्त रिडली स्कॉट यांच्याच १९७९ च्या ‘एलियन’ चित्रपटामधून थेट इथे आलेलं आहे. चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊनच्या आसपास झालं. ३ सप्टेंबर २०२० ला पहिले तीन भाग एकदम आले होते आणि आजही ते तिन्ही लागोपाठ पाहावेत. जग, धोका आणि घर या तिन्ही गोष्टी तिसऱ्या भागाअखेर उभ्या राहतात.

आता मुलं कशी जन्मतात ते पाहा, कारण या मालिकेची खरी ताकद तिथे आहे. यान कोसळत कोसळत एका अथांग खड्ड्याच्या कडेला अडकतं. वाचलेल्या सामानातून दोघं राहायला घुमट उभे करतात. सहा भ्रूण पारदर्शक टाक्यांत ठेवले जातात आणि त्यांच्या नळ्या मदरच्या धडाला जोडल्या जातात. नऊ महिने ती त्यांचं पोषण करते. पाच मुलं नीट बाहेर येतात, सहावं श्वास घेत नाही. फादर शांत आवाजात नियम सांगतो: या बाळाचं विघटन करून त्याचा उपयोग उरलेल्या पाचांच्या पोषणासाठी करायचा. मदर म्हणते, थोडा वेळ मला धरू दे. ती धरून बसते, तिच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि बाळ श्वास घेतं. त्याचं नाव कॅम्पियन, बनवणाऱ्याच्या नावावरून.

या प्रसंगात फादरला दुष्ट दाखवलेलं नाही, ही लिहिणाऱ्याची कमाल. पाच जिवंत मुलं, मोजकं अन्न, परका ग्रह. त्याची बेरीज बरोबर आहे. मदरचीही चूक नाही. सबंध पहिला सीझन या दोन बरोबर उत्तरांच्या भांडणावर उभा आहे, आणि ते भांडण प्रत्येक वेळी एखाद्या ठोस वस्तूवरून होतं: जेवण, ऊब, इंधन, सुटे भाग.

त्यातही जेवण सर्वांत महत्त्वाचं. बारा वर्षांनंतर सहापैकी एकटा कॅम्पियन उरलेला असतो. एक मुलगी खड्ड्यात जाते, बाकीची आजारी पडून एकेक करत दगावतात. कारण तिसऱ्या भागात कळतं. कार्बोज नावाचं एक कंदासारखं पीक हे कुटुंब वर्षानुवर्षं खात आलेलं असतं, आणि तेच किरणोत्सारी निघतं. कॅम्पियन ते खाऊनही टिकला. मदरने मिथ्राइकांकडून पळवून आणलेली मुलं तेच खायला लागल्यावर आजारी पडतात, तेव्हा कुठे तपासणी होते.

इथे विदर्भातल्या प्रेक्षकाने डोक्याला हात लावला नाही तरच नवल. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, अमरावती रोडवर आहे. पेरण्याआधी मातीचा नमुना तपासून घ्या, हे वाक्य इथल्या शेतकऱ्याने किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. दोन अँड्रॉइड तारे ओलांडून येतात, गर्भ वाढवतात, आणि बारा वर्षांत ना मातीची तपासणी करतात ना पिकाची. वर सगळं घर एकाच पिकावर. एक पीक बसलं की घर बसतं, हे कापूसपट्ट्याला वेगळं सांगायला नको.

पण या चुकीला पटकथेची ढिलाई म्हणता येत नाही, हे दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येतं. मूल आजारी पडलं की मदर-फादर मुलाकडे पाहतात, ताटाकडे पाहत नाहीत. त्यांना दिलेल्या माहितीत कार्बोज म्हणजे अन्न, म्हणजे सुरक्षित. माहितीच चुकीची असेल तर यंत्र ती चूक मोठ्या निष्ठेने रोज वाढून देतं. विज्ञानाच्या अंगानेही ही कल्पना टिकते. जमिनीखाली वाढणारी पिकं मातीतली किरणोत्सारी द्रव्यं शोषून घेऊ शकतात. सीझियम-१३७ हे त्यातलं ओळखीचं नाव, त्याचं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. शिजवल्याने किरणोत्सार नाहीसा होत नाही. वनस्पती सीझियमला पोटॅशियमचा भाऊबंद समजून आत घेते, म्हणून चेर्नोबिल आणि फुकुशिमानंतर दूषित शेतांत पालाश, म्हणजे पोटॅशियमचं खत, वाढवून ते शोषण कमी करण्याचा उपाय केला गेला. मालिका या तपशिलात शिरत नाही. कार्बोज टाकून द्यायचे आणि शिकार करायची, असा सरळ मार्ग ती घेते. त्यातून पुढचं भांडण उभं राहतं, कारण कॅम्पियनला जीव मारून खाणं पटत नाही आणि फादरला प्रथिनांची सोय करायची आहे. चौथा भाग जवळजवळ सगळा या एका प्रश्नावर चालतो आणि कुठेही रेंगाळत नाही.

खड्ड्यांबद्दल मात्र माफी नाही. उघड्या बोअरवेलमध्ये पोर पडल्याची बातमी आपल्याकडे दरवर्षी कुठून तरी येतेच, त्यामुळे ग्रहावर जागोजागी अशी भोकं असताना त्यांच्या आसपास लहान मुलांचा संसार मांडलेला पाहून जीव वर-खाली होतो. यान तिथे पडलं हे मान्य. घुमट तरी जरा दूर हलवायचे होते.

मदर आणि फादर एकाच जातीचे नाहीत, हा पहिल्या भागातला मोठा उलगडा. फादर साधं सेवा-मॉडेल. मदर मुळात मिथ्राइकांचं हत्यार, नेक्रोमान्सर. स्टर्जेसने ते पकडून, आतली रचना बदलून, मुलांची आई केलेली. तिची शक्ती तिच्या डोळ्यांत आहे आणि ते डोळे काढून ठेवता येतात. ही युक्ती पटकथेला फार उपयोगी पडते. डोळे काढले की ती घरातली आई, बसवले की हवेत दोन्ही हात पसरून उडणारी, कांस्याच्या रंगाची, किंचाळीने माणसांच्या चिंधड्या उडवणारी. आई मुलांजवळ असताना डोळे कुठे ठेवायचे, कोणाच्या हाती द्यायचे, धोका आला तर वेळेत बसवता येतील का, यावर अख्खे प्रसंग उभे राहतात. सातव्या भागातली कोंडी या डोळ्यांभोवतीच फिरते. मदरचं मूळ नाव लामिया. ग्रीक पुराणात लामिया म्हणजे स्वतःची पोरं गमावून दुसऱ्यांची पोरं खाणारी, पुढच्या कथांत अर्धी सर्पिणी झालेली. पहिल्या सीझनचा शेवट कुठे जाणार याची खूण या नावात आहे, ज्याला ग्रीक कथा ठाऊक आहेत त्याला ती आधीच सापडेल.

अमांडा कॉलिन या डॅनिश अभिनेत्रीने मदर केली आहे आणि सबंध मालिका तिच्या मानेवर उभी आहे, हे शब्दशः घ्या. ती मान वळवते तेव्हा डोळे आधी हलत नाहीत. मान आणि नजर एकत्र फिरते. माणूस असं करत नाही, म्हणून पाहणाऱ्याला कारण न कळताही अस्वस्थ वाटत राहतं. मुलाला झोपवताना आणि माणूस मारताना तिच्या आवाजाची पट्टी जवळपास सारखीच राहते. अबूबकर सलीमचा फादर याच्या उलट, जरा जास्तच माणूसपणाकडे झुकलेला. मुलांना हसवण्यासाठी तो विनोद सांगतो, ते रद्दड असतात, आणि रद्दड असणं हेच त्यांचं काम आहे. सलीमचा आवाज ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ खेळणाऱ्यांना ओळखीचा वाटेल, त्यातला बायेक त्यानेच केला होता. मदरच्या पुढे आपण कमी ताकदीचे आहोत हे फादरला कळतं, खुपतं, आणि ते खुपणं आपल्यात नसायला हवं होतं हेही त्याला कळतं. सलीमने हे तिन्ही थर एका चेहऱ्यावर ठेवले आहेत.

मुलांमध्ये विंटा मॅकग्राचा कॅम्पियन उत्तम. नास्तिक आईबापांनी वाढवलेला मुलगा मिथ्राइक मुलांकडे पाहून प्रार्थना करू लागतो, आणि तो देवभोळा झालाय की फक्त एकटा पडलाय, हे पटकथा ठरवून टाकत नाही. जॉर्डन लॉफ्रनच्या टेम्पेस्टचा धागा पचायला जड आहे. यानातल्या दीर्घ निद्रेत असताना या मुलीवर एका धर्मगुरूने अत्याचार केलेला आहे आणि ती गरोदर आहे. मालिका हे सवंग करत नाही, पण ज्यांना असे विषय टाळायचे असतात त्यांनी आधीच जाणून असावं.

दुसरी बाजू मिथ्राइकांची. हा पंथ लेखकाने हवेतून आणलेला नाही. मिथ्रास या देवतेची गुप्त उपासना रोमन सैनिकांमध्ये साधारण पहिल्या ते चौथ्या शतकापर्यंत चालत होती, भूमिगत मंदिरांत, बैलाचा वध करणाऱ्या देवाच्या शिल्पासमोर. मालिकेने त्यातला सूर्य, दीक्षेच्या पायऱ्या आणि सैनिकी शिस्त उचलली आणि भविष्यात नेऊन ठेवली. त्यांच्या जहाजावर दोन घुसखोर आहेत: केलब आणि मेरी हे नास्तिक सैनिक, चेहरे बदलून मार्कस आणि सू या मिथ्राइक दांपत्याच्या जागी चढलेले. त्या दांपत्याचा मुलगा पॉल आता त्यांच्या गळ्यात. इथेही पालकत्वाचाच प्रश्न आहे. यंत्रं खरे आईबाप होऊ पाहतात, माणसं खोटे आईबाप बनून येतात. निव एल्गारची सू या खोटेपणातून हळूहळू खरी आई होते आणि ते फार सुंदर जमलंय. ट्रॅव्हिस फिमेलचा मार्कस पहिल्या अर्ध्यात भन्नाट. पुढे त्याला आवाज ऐकू येऊ लागतात, तो प्रेषित होऊ लागतो, आणि फिमेल डोळे फिरवणं, कुत्सित हसणं यावर जास्त विसंबतो.

ग्रहाबद्दल थोडं, कारण नाव खरं आहे. केप्लर-२२बी चा शोध डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाला. सूर्यासारख्या ताऱ्याच्या वसाहतयोग्य पट्ट्यात केप्लर दुर्बिणीला खात्रीने सापडलेला तो पहिला ग्रह. त्याचं वर्ष सुमारे २९० दिवसांचं. त्रिज्या पृथ्वीच्या दुपटीहून थोडी जास्त, त्यामुळे तिथे पाय ठेवायला खडक असेल की खोल समुद्र आणि दाट वायू, यावरच शास्त्रज्ञांत प्रश्न आहे. घनता पृथ्वीइतकी धरली तर गुरुत्वाकर्षण दुपटीच्या वर जातं आणि २५ किलोच्या पोराला स्वतःचंच ५० किलोहून जास्त वजन पेलत धावावं लागेल. मालिकेत मुलं मजेत पळतात. अंतर तर सुमारे ६०० प्रकाशवर्षं. प्रकाशालाच तिथे पोचायला सहा शतकं लागतात, इथे माणसं एका पिढीत पोचतात, कशी ते कोणी सांगत नाही. या दोन्ही सवलती पहिल्याच भागात देऊन टाका, पुढे त्रास होत नाही. ज्यांना जागा पाहायची आहे त्यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे बरंच वर हंस तारकासमूह शोधावा. हा तारा साध्या डोळ्यांना दिसणारा नाही, तो साधारण बाराव्या प्रतीच्या आसपासचा आहे, पण हंसाचा विस्तार शहराबाहेर रामटेकच्या बाजूला गेलं की स्पष्ट कळतो. घरात शाळकरी पोरं असतील तर हा भाग त्यांच्यासोबत करण्याजोगा. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात नेलं तरी चालेल, मालिका मात्र त्यांना दाखवू नका.

आता हिशेब सुटतो ती जागा. पाचव्या भागापासून मदर मिथ्राइकांच्या कोसळलेल्या जहाजातल्या निद्रायंत्राला स्वतःला जोडून घेऊ लागते. तिथे तिला जुन्या आठवणी सापडतात, स्टर्जेस भेटतो. आई घर सोडून रोज थोडा वेळ गुपचूप कुठेतरी जाते, तिला तिचं असं काही हवंय, ही कल्पना उत्तम आहे आणि पाचवा-सहावा भाग तिच्यावर छान चालतात. पण त्यातून जे निपजतं, म्हणजे अक्षरशः मदरच्या पोटी, तिथून मालिकेचा ताबा ग्रहावरच्या गूढ शक्तीकडे जातो. आतापर्यंत प्रत्येक घटनेला कारण होतं: पीक खराब म्हणून आजार, डोळे नाहीत म्हणून पराभव. आता गोष्टी घडतात कारण ‘त्या शक्तीला’ घडवायच्या आहेत. पात्रं ऐकू येणाऱ्या आवाजांवरून निर्णय घेतात. आवाज हवं ते बोलू शकतो, त्यामुळे पटकथेला अडवणारं काही उरत नाही, आणि अडवणारं काही नसलं की ताण उतरतो. नवव्या भागात गरोदर मदरला लागणाऱ्या रक्ताचा प्रश्न येतो तेव्हा जुना हिशेबी सूर परततो, आणि फरक लगेच जाणवतो. दहाव्याचा शेवट धाडसी म्हणा नाहीतर वेडा, पाहणारे दोन तट पाडून भांडतात. आमच्या मते कल्पना धाडसी होती, तिची तयारी कमी पडली.

दुसरा सीझन ३ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला. ग्रहाचा उष्ण पट्टा, हिरवं रान, आम्लाचा समुद्र, आणि ट्रस्ट नावाच्या संगणकाच्या आज्ञेत राहणारी नास्तिकांची वसाहत. रंग आले, पैसा दिसतो, राखाडी धुकं गेलं. वसाहतीतला भाग विचार करण्याजोगा आहे, कारण देव नको म्हणणारी माणसं संगणकाला प्रश्न न विचारता मानतात. पण तो मध्यावरच आटोपतो. उडता सर्प, माणसाचं झाड होणं, झाडाचं पुढे आणखी काही होणं, अशा गोष्टी एकामागून एक येतात आणि एकीचंही मूल्य वसूल होण्याआधी दुसरी येते.

या सीझनचा उरलेला जीव ग्रँडमदर या पात्रात आहे, आणि यापुढचा परिच्छेद शेवट फोडतो, तेव्हा ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी तो ओलांडून जावं.

फादर एका प्राचीन अँड्रॉइडचा सांगाडा जुळवून, पांढरं रक्त भरून जिवंत करतो. ही ग्रँडमदर, सेलिना जोन्सने केलेली. तीही मुलांची राखणदारच, पण तिचा हिशेब वेगळा. माणसाला हुशारी आहे म्हणून तो लढतो, लढतो म्हणून मरतो. तेव्हा त्याची हुशारी काढून घ्या, त्याला समुद्रातला निर्धास्त प्राणी करा, म्हणजे वंश टिकेल. ग्रहावरचे ते विचित्र प्राणी कुठून आले हे इथे उलगडतं. पहिल्या भागातला फादरचा नियम आठवा: एकाचं विघटन, पाचांचं पोषण. ग्रँडमदरने तीच बेरीज सबंध मानवजातीला लावली आहे. शेवटच्या भागाचं नाव ‘हॅपिनेस’, आणि त्यात ती मदरला निद्रायंत्रात कोंडून मुलं ताब्यात घेते. मार्कस हवेत उलटा लटकलेला राहतो. हाच तिसऱ्या सीझनचा उंबरठा होता आणि तो ओलांडला गेला नाही. आठही भाग या एका वादावर बांधले असते, सर्प आणि झाड बाजूला ठेवून, तर दुसरा सीझन पहिल्याच्या तोडीचा झाला असता.

पाहण्याच्या सोयीबद्दल. भाग साधारण पाऊण तासाचे, कमी-अधिक. अठरा भाग म्हणजे चौदा तासांच्या आसपास. एका मालिकेसाठी वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊ नका, एक महिना पुरतो. मूळ प्लॅटफॉर्मवरून निघालेली मालिका आहे, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या ॲपमध्ये नाव टाकून दोन्ही सीझन दिसतात का ते बघा. फुल एचडीला तासाला तीनेक जीबी धरले तर सगळं मिळून चाळीसच्या वर जातं, म्हणजे मोबाइलच्या दिवसाच्या दोन जीबीत एक भागसुद्धा पुरा बसत नाही. घरच्या वायफायवर पाहा, नाहीतर रिझोल्यूशन उतरवा.

उतरवताना एक लक्षात ठेवा: पहिल्या सीझनचं चित्र मुद्दाम फिकं आहे. राखाडी आभाळ, राखाडी जमीन, अंधारे घुमट. बिटरेट कमी पडला की धुक्यात पट्टे उमटतात आणि रात्रीच्या प्रसंगात चेहरे चौकोनी होतात. टीव्हीचा ‘व्हिविड’ मोड बंद करून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ लावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. ही सेटिंग चालू असेल तर मदरच्या उडण्याचं वजनच जातं. आणि हे सगळं करून भर दुपारी पडदे उघडे ठेवून पाहायला बसू नका. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात पडद्यावर फक्त तुमचाच चेहरा दिसेल.

आवाजाचं गणित त्याहून महत्त्वाचं. बेन फ्रॉस्ट आणि मार्क स्ट्रायटेनफेल्ड यांचं संगीत बरंचसं खर्जात आहे, गुरगुरणारं, आणि संवाद बहुतेक हलक्या आवाजात. डेझर्ट कूलरची घरघर नेमकी त्याच खालच्या पट्ट्यात येते. कूलर फुल असला की मदरचं कुजबुजणं गायब होतं, म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि पुढच्याच मिनिटाला तिची किंचाळी येऊन शेजारी उठतात. उपाय साधे: कूलर मध्यम वेगावर, इंग्रजी सबटायटल चालू, टीव्हीत ‘नाइट मोड’ किंवा ‘डायलॉग एन्हान्स’ असेल तर तो. सगळ्यात बरं म्हणजे कान झाकणारे हेडफोन. त्यात संगीताचा खर्जही नीट लागतो, जो टीव्हीच्या पातळ स्पीकरांतून येतच नाही. सबटायटल कूलर नसला तरी ठेवा. मिथ्राइक पदव्या आणि नावं कानाने पकडणं कठीण आहे, आणि केलब-मार्कस, मेरी-सू ही दुहेरी नावं पहिल्या दोन भागांत घोटाळा करतात.

वयाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण पोस्टरवर मुलं पाहून घरच्यांसोबत लावण्याचा मोह होतो. मालिकेचं अमेरिकेतलं मानांकन फक्त प्रौढांसाठी, टीव्ही-एमए. पहिल्याच भागात सामूहिक संहार आहे, माणसं रक्ताच्या धुक्यात विरतात. मुलांचे मृत्यू, आजार, वर सांगितलेला अत्याचाराचा धागा, जनावरं मारणं, अंगावर शहारा आणणारं बाळंतपण. गरोदर बाईने किंवा नुकतीच आई झालेलीने ही मालिका काही महिने पुढे ढकलली तर काही बिघडत नाही.

ज्यांना दर भागाला वेगळी गोष्ट हवी असते किंवा शेवटी सगळी उत्तरं हवी असतात, त्यांच्यासाठी ही नाही. ज्यांना एका अवघड प्रश्नाभोवती पाच-सहा तास बसायला आवडतं त्यांनी नक्की लावावी. ठरवायला पहिला भाग पुरत नाही, तो धक्के जास्त देतो. दुसरा पाहा, ‘पेंटाग्राम’. त्यात संहार आटोपलेला असतो आणि मदरला तिनेच पळवून आणलेल्या पाच अनोळखी, घाबरलेल्या, तिला राक्षसीण समजणाऱ्या मुलांना जेवायला बसवायचं असतं. हा भाग तुम्हाला धरून ठेवू शकला नाही, तर पुढचे सोळाही ठेवणार नाहीत.